दिसणारा रस्ता

बोकेत्ता काम्पिल्या नावाच्या खिंडीत गाडीतळ संपतो आणि तिथून दोन रस्ते डोंगर चढू लागतात. खिंड 1,216 मीटरवर आहे. दोन्ही रस्ते शेवटी पोचतात एकाच ठिकाणी, 1,928 मीटरवरच्या पोर्ते देल पासुबिओला. एक रस्ता रुंद, खडीचा, वळणं घेत निवांत जाणारा. दुसरा दगडी कमानीतून थेट कातळाच्या पोटात शिरतो. त्याच्या तोंडाशी पाटी आहे आणि पाटीवरच्या सायकलवर फुली मारलेली आहे.

"मामा, आपला हा," भाचा खडीच्या रस्त्याकडे हनुवटी उडवत म्हणाला आणि शूजच्या लेस आवळायला लागला.

मी फुलीकडेच बघत राहिलो. बत्तीस वर्षं घाटरस्त्यांच्या आखणीत घालवलेल्या माणसाला असल्या ठिकाणी भलतेच प्रश्न पडतात. रस्ता काही फुकट होत नाही. सुरुंग, माणसं, जनावरं, दिवस, सगळ्याचा हिशेब असतो. मग एकाच सैन्याने एकाच डोंगरावर, ऐन युद्धात, एकाच जागी पोचणारे दोन रस्ते का केले असतील? पहिला वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. त्याचा चढ सरासरी सात टक्क्यांच्या आसपास, आमच्या बोलीत 14ला 1. आपल्याकडे घाटरस्त्याला 20ला 1 उत्तम मानतात, पण युद्धाच्या घाईत केलेल्या रस्त्याला 14ला 1 म्हणजे शाबासकीच द्यायला हवी. दुसरा रस्ता सरासरी बारा टक्के आणि काही ठिकाणी बावीसपर्यंत जातो. चांगला रस्ता असताना वाईट चढाचा दुसरा रस्ता, तोही बोगदे खोदून! आमच्याकडे कुणी असा प्रस्ताव ठेवला असता तर फाइल त्याच दिवशी परत गेली असती.

उत्तर मला त्याच दिवशी, वाटेत मिळालं. पुस्तकात ते आधीच वाचलं होतं, पण वाचलेलं आणि पॅडल मारत कळलेलं यांत फरक असतो.

पासुबिओ हा इटलीच्या ईशान्येला विचेन्झा शहराच्या वर उभा असलेला चुनखडी-डोलोमाइटचा थोराड डोंगर. आज त्याच्या एका अंगाला वेनेतो, दुसऱ्या अंगाला त्रेंतिनो, दोन्ही इटलीतच. 1915 साली तसं नव्हतं. त्रेंतिनो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं आणि सरहद्द इथूनच जायची. 24 मे 1915ला इटली युद्धात उतरली, आणि ज्या डोंगरांवर तोवर गुराखी उन्हाळ्यात गाई घेऊन जात तिथे तोफा चढल्या. पुढल्या वर्षी, 15 मे 1916ला ऑस्ट्रियाने या बाजूने मोठी चढाई केली. हेतू असा की डोंगर उतरून विचेन्झाच्या मैदानात यायचं आणि पूर्वेला ईसोन्झो नदीवर लढणाऱ्या इटालियन सैन्याची पाठ कापायची. पासुबिओवर ही चढाई अडली. मग तिथल्या तिथे, जवळजवळ समोरासमोर, दोन्ही सैन्यं नोव्हेंबर 1918पर्यंत बसून राहिली. अडीच वर्षं, दोन हजार मीटरवर, हिवाळ्यांसकट.

एवढी माणसं वर ठेवायची म्हणजे रोजचं रेशन, पाणी, लाकूड, दारूगोळा वर न्यायचा आणि जखमी खाली आणायचे. म्हणून रस्ता. खडीचा तो पहिला रस्ता म्हणजे स्कारुब्बी. आम्ही निघालो तो याच रस्त्याने.

आमचा फेरा असा होता: झोमो खिंडीत गाडी ठेवायची (1,058 मीटर), तिथून डांबरी रस्त्याने बोकेत्ता काम्पिल्या, स्कारुब्बीने वर पोर्ते देल पासुबिओ, पलीकडच्या बाजूने 'वीरांचा रस्ता' म्हणजे स्त्रादा देल्यी एरोईने खाली पियान देल्ले फुगात्से (1,162 मीटर), आणि तिथून घाट उतरून पुन्हा झोमो चढायची. एकूण तीसेक किलोमीटर, चढ हजारभर मीटर. पुण्याच्या सायकलवाल्यांना सांगायचं तर डोणज्याकडून सिंहगड दीड वेळा, पण बराचसा खडीवर.

भाच्याची साधी माउंटन बाइक होती. तो पदुआत नोकरीला आहे, वय एकतीस, त्याला शोभतं. मी भाड्याने बॅटरीची घेतली. पुण्यात आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये हे कळलं तर काय होईल याची कल्पना आहे, म्हणूनच इथे छापील कबुली देतो. युरोपातल्या कायद्याने ही मोटर ताशी 25 किलोमीटरच्या वर मदत करत नाही आणि पॅडल मारल्याशिवाय तर मुळीच करत नाही. चढावर माझा वेग आठ होता, म्हणजे कायदा मोडायची भीती नव्हती.

स्कारुब्बी सुरुवातीला झाडीतून जातो. बीचची झाडं, सप्टेंबरअखेर असल्यामुळे पानं पिवळी पडायला लागलेली. रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी रस्ता ओलांडून खाली सोडणारे तिरपे दगडी चर शंभर वर्षांनंतरही काम करत होते. मी उतरून एक चर बघितला. दगड उभे बसवलेले, दोन्ही बाजूंना उतार बरोबर, मधे गाळ नाही. कुणीतरी साफ ठेवतंय हे उघड होतं, पण मुळात बसवणाऱ्याने मन लावून बसवलेत. भाचा वरच्या वळणावर थांबून ओरडला, "मामा, फोटो काढायला वर काहीतरी आहे, गटाराचे कसले काढता!"

झाडी संपली आणि डोंगर उघडा झाला. इथून वर नुसता मुरूम, कातळ आणि खुरटी झुडपं. वळणांमागून वळणं. प्रत्येक वळणावर पोसिना खोऱ्याचा देखावा थोडा अधिक उघडतो. भाचा म्हणाला ते खरं होतं. गटारापेक्षा हे बघण्याजोगं होतं. एका वळणावर आमच्या आधी आलेले चार-पाच सायकलवाले कठड्याला सायकली टेकवून फोटो काढत होते. आम्हीही थांबलो. आणि तिथे, पाण्याची बाटली तोंडाला लावलेली असताना, सकाळच्या प्रश्नाचं उत्तर समोर आलं. मला इथून सगळं दिसतंय, म्हणजे तिथून कुणालाही मी दिसेन.

स्कारुब्बीची ही एक अडचण होती. त्याचा काही भाग ऑस्ट्रियाच्या तोफखान्याच्या नजरेत होता. दुसरी अडचण बर्फाची. हिवाळ्यात या उतारावरून हिमलोट सुटत आणि रस्ता बंद होई. 1916-17चा हिवाळा तर आल्प्समध्ये भयंकर गेला. 13 डिसेंबर 1916ला मार्मोलाडा पर्वतावर एकाच हिमलोटाखाली सुमारे 270 ऑस्ट्रियन सैनिक गाडले गेले. त्या हिवाळ्यात या आघाडीवर माणसं शत्रूपेक्षा बर्फाने जास्त धास्तावली होती. रेशन वर पोचेना, माणसं खाली येईनात.

तेव्हा डोंगराच्या दक्षिण अंगाने, जिकडे नुसते सुळके आणि दऱ्या आहेत, जिकडे कुणी शहाणा माणूस रस्ता नेणार नाही, तिकडून रस्ता काढायचं ठरलं. तिकडे तोफ बघू शकत नव्हती. 6 फेब्रुवारी 1917ला, ऐन बर्फात, काम सुरू झालं. इटलीच्या इंजिनिअर दलाची 33वी मायनर कंपनी आणि जोडीला मजुरांच्या तुकड्या. आधी लेफ्टनंट जुझेप्पे झाप्पा आणि नंतर कॅप्टन कोर्रादो पिकोने यांच्या हाताखाली हे काम झालं. नोव्हेंबरमध्ये रस्ता तयार. 6,555 मीटर लांबी, त्यातले 2,300च्या आसपास मीटर बोगद्यांत, एकूण 52 बोगदे. रुंदी कमीतकमी 2.20 मीटर. हा आकडा वाचला तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याकडे रुंदी गाडीवरून ठरते आणि यांनी ती खेचरावरून ठरवली होती. ओझं लादलेली दोन खेचरं समोरासमोर आली तर एकमेकांना घासून का होईना, पार होतील एवढी. चढही खेचराचाच. खेचर 8ला 1 चढतं. ट्रक चढत नाही.

दहा महिन्यांत 52 बोगदे हे ऐकून आमच्या व्यवसायातला कुणीही भुवया उंचावेल. शिवाय मधेच, 24 ऑक्टोबर 1917ला, पूर्वेला कापोरेत्तोला इटलीची आघाडी पार कोसळली. त्या धामधुमीतही इथे सुरुंग उडत राहिले.

म्हणजे हिशेब असा झाला. चांगल्या चढाचा, रुंद, नजरेला सुख देणारा रस्ता सैन्याला पुरेना, कारण तो दिसत होता. वाईट चढाचा, अरुंद, अंधारा रस्ता त्यांनी जिवापाड मेहनतीने केला, कारण तो दिसत नव्हता. आज आपण जगभरातून येऊन दिसणाऱ्या रस्त्याने सायकल चालवतो आणि जिथे सगळ्यात जास्त दिसतं तिथे थांबून फोटो काढतो. मी त्या वळणावर फोटो काढलाच नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. काढला. चांगला आलाय.

पोर्ते देल पासुबिओला दोन्ही रस्ते भेटतात. इथे युद्धात कातळाला चिकटून बराकींचं एक गावच उभं राहिलं होतं. सैनिक त्याला 'एल मिलानिन' म्हणायचे, छोटं मिलान. आता त्या जागी डोंगरी विश्रामगृह आहे, रिफुज्यो पापा. पापा म्हणजे पोप नव्हे. अकिल्ले पापा हे पासुबिओ राखणाऱ्या सेनापतींपैकी एक. ऑक्टोबर 1917मध्ये ते दुसऱ्या आघाडीवर मारले गेले. बाहेर बाकांवर सायकली आणि माणसं यांची सारखीच गर्दी होती. आम्ही पोलेन्ता मागवला. मराठी वाचकाला समजेल असं सांगायचं तर मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर वितळलेलं चीज आणि अळंबी. लसणाची फोडणी आणि मिरची असती तर मी दुसरी थाळी घेतली असती.

जेवताना भाच्याने विचारलं, "आपले लोक इथे होते का?"

इथे नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी पलटणी फ्रान्स, मेसोपोटेमिया, गॅलिपोली अशा ठिकाणी गेल्या; आल्प्समध्ये नाही. इटलीत मराठे आले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि तेही इथून बरंच दक्षिणेला. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. हातघाईत ठाणं घेतलं आणि तिथेच गेले. वय 22. त्यांची कबर सापडलेली नाही; नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, 9 एप्रिल 1945ला सेनिओ नदीवर लढले, जखमी साथीदारांना उचलून आणलं आणि जगले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या नावाचं एक स्मारक, सूर्यघड्याळाच्या रूपात, 2023 साली पेरुज्याजवळच्या मोन्तोने गावात उभं राहिलं.

माझं आजोळ माणगावच्याच बाजूचं. लहानपणी तिथे 'इटलीत गेलेला' हे शब्द कानावर पडायचे. मला वाटायचं नोकरीला गेला असेल.

एक योगायोग सांगतो, त्याला अर्थ काही नाही. 10 जुलै हीच तारीख पासुबिओच्या इतिहासातही आहे. 1916 साली त्याच दिवशी इथून जवळच्या मोन्ते कोर्नोवर चेझारे बात्तिस्ती पकडले गेले. ते त्रेंतोचे, ऑस्ट्रियाच्या संसदेत निवडून गेलेले, पण इटलीच्या बाजूने लढायला आलेले. ऑस्ट्रियाच्या लेखी देशद्रोही, इटलीच्या लेखी हुतात्मा. दोन दिवसांत त्रेंतोला फाशी झाली. त्या डोंगराचं नाव आता मोन्ते कोर्नो बात्तिस्ती.

जेवणानंतर सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि शिखराकडे पायी गेलो. माथ्याचा भाग 1922पासून राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे दोन कातळ आहेत, एक इटालियन दात, एक ऑस्ट्रियन दात, आणि मधे छोटी खिंड. एवढ्या जवळ की माणसाने शीळ घातली तर ऐकू जावी. वरून एकमेकांना हलवता येईना म्हणून दोघांनी खालून बोगदे खणायला सुरुवात केली: समोरच्याच्या पायाखाली जायचं, दारू भरायची आणि डोंगरच उडवायचा. 13 मार्च 1918ला ऑस्ट्रियाने इटालियन दाताखाली 50,000 किलो स्फोटकं उडवली. आल्प्सच्या आघाडीवरचा हा सगळ्यात मोठा सुरुंग. त्या बाजूचा कातळ अजून ढासळलेला दिसतो. घराएवढे धोंडे एकावर एक पडलेले. मी नोकरीत घाटात सुरुंग लावून घेतले आहेत. आमच्याकडे काही किलोंचा सुरुंग असेल तर शिट्टी, लाल झेंडा, दोन्ही बाजूंची वाहतूक बंद. पन्नास टन म्हणजे काय याचा अंदाज मला तिथे उभं राहूनही बांधता आला नाही.

या युद्धात सायकलीही होत्या बरं का. इटलीच्या बेर्साल्येरी दलाच्या सायकल पलटणी होत्या आणि त्यांच्यासाठी बियांकी कंपनीने घडी घालून पाठीवर बांधता येणारी, स्प्रिंगवाली सायकल बनवली होती. आजच्या सस्पेन्शनवाल्या माउंटन बाइकची ती पणजी म्हणायला हरकत नाही. एन्रिको तोती तर रेल्वेतल्या अपघातात 1908ला डावा पाय गमावल्यावर एका पायाने सायकलवरून युरोप फिरला आणि युद्ध लागल्यावर हट्टाने या सायकलवाल्यांत जाऊन मिळाला. 6 ऑगस्ट 1916ला मोन्फाल्कोनेजवळ तो पडला. मरताना त्याने कुबडी शत्रूवर फेकली असं सांगतात. पण ती सगळी सपाटीकडची लढाई. पासुबिओवर सायकलला वाव नव्हता. इथे खेचरांचं राज्य होतं.

उताराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे. वीरांचा रस्ता पोर्ते देल पासुबिओहून कातळाच्या कडेकडेने, मधेमधे छोट्या बोगद्यांतून, गाल्लेरिया द'हावे नावाच्या बोगद्यापर्यंत जातो. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या सैनिकांच्या पाट्या कातळात बसवल्या आहेत, त्यावरून नाव पडलं. एका बाजूला भिंत, एका बाजूला दरी. भाच्याने निघताना दोनदा सांगितलं होतं, ब्रेक धरून ठेवू नका, सोडत-सोडत दाबा. मी घाबरून धरूनच ठेवला. बॅटरीची सायकल पंचवीस किलोच्या घरात, वर माझं वजन. दोनेक किलोमीटरनंतर लिव्हर हँडलला टेकायला लागला आणि जळका वास आला. त्याच अवस्थेत बोगद्यात शिरलो, डोळ्यांवर काळा चष्मा तसाच. आत पाणी साचलेलं. पुढचं चाक सरकलं आणि मी भिंतीला खांदा घासत खाली बसलो. लागलं काही नाही. मागून आलेल्या दोन बायका, दोघी साठीच्या पुढच्या, दोघींच्या साध्या सायकली, थांबल्या. एकीने माझी सायकल उभी केली, दुसरीने माझा चष्मा स्वतःच्या हाताने कपाळावर चढवला आणि काहीतरी बोलली. भाच्याने भाषांतर करायचं टाळलं.

डिस्क थंड होईपर्यंत पंधरा मिनिटं बोगद्याच्या तोंडाशी बसलो. त्यानंतर रस्ता डोंगर ओलांडून त्रेंतिनोच्या अंगाला येतो आणि लांब लांब वळणांनी फुगात्से खिंडीत उतरतो. वाहनांना बंदी आहे, त्यामुळे ऐकू येतात त्या गाईंच्या घंटा.

खिंडीजवळ, बेल्लाविस्ता टेकडीवर, अस्थिस्मारक आहे. 1926 साली बांधलेलं, मनोऱ्यासारखं. आत पाच हजारांवर सैनिकांच्या अस्थी, इटालियन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन दोन्ही. टेकडीच्या नावाचा अर्थ 'सुंदर देखावा' असा. आम्ही गेलो तेव्हा दार बंद व्हायची वेळ झाली होती. बाहेरूनच बघितलं, आणि शेवटचा झोमोचा चढ चढलो. तिथे माझी बॅटरी संपली. पंचवीस किलोची साधी सायकल घेऊन शेवटचे दीडशे मीटर चढताना पुण्याच्या ग्रुपची माफी मागायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी बोगद्यांच्या रस्त्याने पायी वर गेलो. सायकलला बंदी का, ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं: पायाखाली ओले गोटे, आतून बाहेर पडलं की वळण, वळणाखाली दरी. यापूर्वी सायकलवाले इथून पडले आहेत. एकोणिसावा बोगदा सगळ्यात लांब, तीनशे मीटरांच्या वर. विसावा एका सुळक्याच्या आतच जिन्यासारखा गोल फिरत चढतो. आत जाताना ज्या दिशेला तोंड होतं त्याचा बाहेर येईपर्यंत पत्ता राहत नाही. भिंतीत मधेमधे खिडक्या आहेत. देखाव्यासाठी नव्हेत, खणलेला दगड बाहेर दरीत लोटायला आणि उजेडासाठी. एका खिडकीच्या कडेला पहारीच्या खुणा होत्या, बोटभर खोल, एकाशेजारी एक, सगळ्या एकाच तिरकस कोनात. उजव्या हाताने काम करणारा माणूस असावा.

कुणी जाणार असेल तर जून ते ऑक्टोबर यादरम्यान जा. बर्फात दोन्ही रस्ते माणसांचे नाहीत. सायकल स्कारुब्बीने न्या, उतारावर ब्रेक सोडत-सोडत दाबा, बोगद्यात शिरताना चष्मा काढा. 52 बोगदे वेगळ्या दिवशी, पायीच करा. आणि टॉर्च स्वतंत्र घ्या, मोबाइलवर विसंबू नका. एकोणिसाव्या बोगद्याच्या मध्यावर माझ्या मोबाइलची बॅटरी चार टक्के होती.